रविवारी हरवणारी फाईल

घड्याळं दुरुस्त करण्यात हयात गेलेल्या बाबांचा कॉम्प्युटर माझ्या लग्नाआधीचा. दर रविवारी फोन ठरलेला, "अगं, सिस्टिम लायब्ररीतली फाईल सापडत नाही म्हणतोय हा!" मी सीडीवरून ती परत टाकायला सांगायची, मध्येच त्यांचे गुडघे, शेजारीण, मांजर असं सगळं निघून तास उलटायचा. शेवटी वैतागून रजा काढली आणि माहेरी धडकले. म्हटलं, रोगाचं मूळच उपटून टाकते. बाबा चहा टाकायला गेले तेव्हा रिसायकल बिन उघडली. आत तीच फाईल, कितीतरी वेळा हातानं काढून टाकलेली. वार प्रत्येक वेळी रविवारच. बाबा कप घेऊन मागे उभे राहिले. "सापडलं का गं काही?" मी बिन बंद केली. "जुनं दुखणं आहे, बाबा. दर रविवारी फोन करावाच लागणार." बाबा चष्मा पुसत म्हणाले, "आणि बुधवारी बिघडला तर?"