आईची साक्ष

लीड्सच्या कोर्टात एडनाबाई साक्षीला उभ्या राहिल्या. कुंपणाच्या भांडणावरून त्यांच्या मुलानं, क्लाइव्हनं, शेजाऱ्याला विष घातलं होतं. वकिलानं त्यांना चांगलं पढवलं होतं, "पोराचं डोकं ठिकाणावर नव्हतं, एवढंच सांगा. मग कोर्ट तो खून धरत नाही, मनुष्यवध धरतं. जन्मठेप टळेल."

पोराविषयी वावगा शब्द बाईंनी आजवर काढला नव्हता, पण मनावर दगड ठेवून त्यांनी तसं सांगितलं.

सरकारी वकील हळहळला. "म्हणजे बिचारा लहानपणापासूनच मंद म्हणायचा?"

"मंद? माझा क्लाइव्ह?" बाईंनी पर्स कठड्यावर आपटली. "अहो, रसायनशास्त्रात वर्गात पहिला यायचा! चहात किती थेंब पुरतील, हे त्यानं आधी शेजाऱ्याच्या मांजरावर करून पाहिलं होतं!"