उंबऱ्यावरची शिंक

"आई, ड्रायव्हर शिंकला आणि तुम्ही काय लाजताय?" सुनेनं हसत विचारलं. सामान गाडीत भरून झालं होतं. यमुताई गाव सोडून मुलाकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या, आणि उंबरा ओलांडतानाच शिंक झाली.

"तुझे सासरे असेच शिंकायचे गं. मी माहेरी निघाले की नेमके! मग सासूबाईच म्हणायच्या, शिंक झाली, जरा टेक, पाणी पी. तेवढ्यात एसटी निघून जायची. घरभर माणसं असताना बायकोला 'जाऊ नकोस' म्हणायचं कसं? आणि मी रुसले की पडवीत बसून खोकत राहायचे. तो खोकला ऐकला की मला हसू आवरायचं नाही."

"शिंका तरी खऱ्या होत्या का?"

"छे! खिशात तपकिरीची डबी असायची."

बाहेर हॉर्न वाजला. गाडीतून मुलानं हाक मारली, "आई, चल ना, उशीर होतोय!"

यमुताई पायरीवर टेकल्या. त्यांनी मूठ उघडली. आत तीच डबी होती. "ड्रायव्हरला मीच दिली चिमूटभर. निघताना कुणीतरी थांबवायला हवं होतं गं."

सुनेनं नवऱ्याला ओरडून सांगितलं, "शिंक झालीय. आई पाणी पिऊन निघतील."