साडेअठ्ठावन्न ग्रॅम

गुंडेराव सर कीर्तनाचे वेडे, त्यामुळं रसायनशास्त्रातले मोलचे ग्रॅमसुद्धा वर्गाकडून टाळ्यांच्या ठेक्यात म्हणवून घ्यायचे. शाळेला प्रयोगासाठी वजनाचा नाजूक काटा मिळाला, तो मात्र त्यांनी देवासारखा कपाटात बसवला. "पोरांचे हात लागले की बिघडंल," म्हणत तो फक्त खंडेनवमीला बाहेर काढायचा, हळदकुंकू वाहायचं, की पुन्हा कुलूप.

एके दिवशी गुलबर्ग्याहून तपासनीस आले. शाळेची मान्यताच टांगणीला लागलेली. सरांनी काटा काढून टेबलावर मांडला अन् वर्गातल्या हुशार सरूला पुढं केलं.

"एक मोल मीठ म्हणजे किती गं?" तपासनीसांनी विचारलं.

"साडेअठ्ठावन्न ग्रॅम."

सरांचा जीव भांड्यात पडला.

"शाब्बास. आता तेवढं काट्यावर तोलून दाखव बघू," तपासनीस म्हणाले.

सरूनं चपला काढल्या, काट्यापुढं हात जोडले अन् मागं वळून हळूच विचारलं,

"सर, आज नारळ न्हाई आणला का?"