आवाज आला की ठोकळा

“आवाज आला की ठोकळा डब्यात. कळलं?” कानाच्या तपासणीच्या धनश्रीमॅडमनी बसवेशसमोर डफली वाजवली आणि त्याचा हात धरून एक ठोकळा डब्यात टाकला. पुढचे डफली वाजेल तसे त्याने आपणहून टाकले.

बसवेश पाच वर्षांचा. अजून बोलत नव्हता, हाक मारली तर वळत नव्हता, दुकानातली वजनं तासन्‌तास ओळीत लावत बसे. आधी त्याचे कान तपासून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं म्हणून त्याला बीडला आणलं होतं.

मॅडम आतलं मशीन जुळवायला गेल्या, तशी कावेरी पोराला घेऊन बाकावर बसली. शेजारी तिचे सासरे गुंडप्पा. आष्टीच्या बाजारात किराणा विकून त्यांचा गळा तयार झालेला. हळू बोलायची त्यांना सवयच नव्हती.

“हे बघ कावेरी. कानात दोष निघाला तर मशीन लावू. घरीच ऱ्हाईल, शिकंल. पर कान चांगले निघाले, तर समदं डोक्यातच हाय म्हणायचं. मग लातूरकडं असल्या पोरांच्या वसतिगृहात ठेवायचा. तुझी पार दशा झाली पोरी.”

“मामा, लई बारका हाय तो.”

“श्रीशैलला बी इचारलंय. ठरलंय आमचं.”

नवऱ्याचं नाव निघाल्यावर कावेरीने पोराला आणखी जवळ ओढलं. कुठल्याही आईने मागू नये ते ती मनातल्या मनात मागत होती: पोर बहिरं निघू दे.

तपासणीच्या खोलीत मायलेकरंच गेली. स्पीकरमधून आवाज येऊ लागले. बारीक शीळ, मग मोठी, मग कावेरीच दचकावी एवढी मोठी. बसवेश ठोकळा मुठीत धरून डब्याकडे बघत राहिला. एकही ठोकळा पडला नाही.

कावेरीचा जीव भांड्यात पडला, आणि पडला म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली.

“नुसत्या खेळावर विसंबून चालत नाही,” मॅडम म्हणाल्या. “अशा मुलांची झोपेतली तपासणी करावीच लागते. पहाटेपासून जागं ठेवलंय ना?”

ठेवलं होतं. एसटीत डुलकी लागली की ती ओला पदर त्याच्या तोंडावरून फिरवत आली होती. आता मांडीवर थोपटताच तो गाढ झोपला. मॅडमनी त्याच्या कपाळाला आणि कानांमागे वायरी चिकटवल्या, कानांत छोट्या नळ्या बसवल्या आणि पडद्यावरच्या रेषा बराच वेळ बघितल्या. मग सगळं काढून ठेवलं.

“कान ठणठणीत आहेत. अगदी बारीक आवाजही पोचतोय त्याला.”

“मग ठोकळा कावून टाकला न्हाई, मॅडम?”

“मघाशी डफलीवर तर बरोबर टाकत होता,” मॅडम म्हणाल्या. मांडीवर बसवेशची चुळबुळ झाली. तेवढ्यात दार ढकलून गुंडप्पा आत डोकावले.

“काय निघालं? येतंय का त्याला ऐकू?”

कावेरीने तोंड उघडलं. डोळे मिटून पडलेल्या बसवेशचा हात वर आला, चाचपडत तिच्या ओठांपर्यंत पोचला आणि तिथेच घट्ट दाबून राहिला.