मागचं दार

नडीननं आपल्या दुकानाच्या भिंतीवरून तिसरी रायफल उतरवली. बोल्ट मागे ओढून आत गोळी नसल्याचं हर्शेलला दाखवलं आणि ती त्याच्या हातात दिली. त्यानंही पुन्हा आत डोकावून पाहिलं. एवढं आता त्याला जमायला लागलं होतं.

पहिली त्याला जड झाली होती. दुसरीची नळी लांब होती, त्याच्या घरातल्या अरुंद जिन्यावर ती वळलीच नसती. ही आखूड होती, आणि दस्ता हवा तसा पुढेमागे सरकत होता. त्यानं ती खांद्याला लावली.

"मान खाली घालू नकोस. रायफल वर आण," नडीन म्हणाली. "जन्म केंटकीत गेला आणि पहिली रायफल सत्तरीत. बाहेर कुणाला सांगू नकोस हो."

"माझा बाप हरणं मारायचा. मी घरी बटाटे सोलायचो," हर्शेल म्हणाला.

"मग चोर आला की बटाटे फेकून मार."

तो हसला. दुकानात आल्यापासून पहिल्यांदाच.

त्याची बायको व्हर्ना वारल्यानंतरचा हा पहिला हिवाळा. त्यातच खालच्या वळणावरच्या घरात चोरी झाली. चोरांनी जनरेटर नेला, करवत नेली, आणि जाण्याआधी स्वयंपाकघरात बसून अर्धा ॲपल-पाय खाल्ला. घरातली माणसं वर झोपलेली होती. ही बातमी सिनसिनाटीला रॉयसपर्यंत पोचली. त्यानं फोनवर बापाला साफ सांगितलं, की एकतर घरात रायफल ठेवा आणि ती चालवायला शिका, नाहीतर रविवारी मी ट्रक घेऊन येतो. सुनेनं खोलीही तयार करून ठेवली होती. खिडकीतून गाड्यांचा तळ दिसायचा. पोरगा वाईट नव्हता. पण हर्शेलला घर सोडायचं नव्हतं, आणि का सोडायचं नव्हतं ते त्याला फोनवर सांगता आलं नव्हतं.

नडीननं घराची सगळी चौकशी केली. झोपायची खोली कुठं, शेजार किती लांब, भिंती कशाच्या. चुकलेली गोळी भिंतीत थांबत नाही, पलीकडं जाते, असं ती म्हणाली. मग दारांवर आली. पुढच्या दाराचं कुलूप पक्कं होतं. मागच्या दाराची कडी मोडलीय, असं हर्शेल म्हणाला.

"मग आजच नवी घे. शेजारच्या दुकानात मिळेल. चाप ओढायची वेळच येऊ नये, त्याचसाठी कडी असते."

हर्शेलनं मान हलवली. फोनवर रॉयसपुढं हलवायचा तशीच.

कडी मोडलेली नव्हती. त्यानंच ती फार वर्षांपूर्वी काढून टाकली होती. व्हर्ना हायवेवरच्या ट्रकवाल्यांच्या खानावळीत रात्रपाळीला स्वयंपाक करायची. पहाटे यायची ती दोन्ही हात भरून. उरलेलं कायबाय बांधून आणलेलं असायचं, धुवायचे एप्रन असायचे. पुढच्या दाराची किल्ली कोण काढणार? ती दाराला कमरेनं ढकलायची. दार खाली फरशीला घासायचं, जरा अडायचं, मग उघडायचं. हर्शेल वर अर्धवट झोपेत असायचा. तिथूनच तो एक शब्द टाकायचा आणि उत्तर यायच्या आत पुन्हा झोपी जायचा. ते दार रंधा मारून नीट करायचं त्याच्या मनात कधी आलं नाही. नवी कडी तर त्यानं शरद ऋतूतच आणली होती. ती स्क्रूंसकट ड्रॉवरमध्ये पडून होती.

"हीच दे," तो म्हणाला.

"इतक्यात नाही."

पहिल्यांदा रायफल घेणाऱ्यासाठी नडीनचा एक नियम होता. याच खोऱ्यात एकानं अंधारात आपल्याच भावाला चोर समजून गोळी घातली होती. ती रायफल नडीनच्या वडिलांनी विकलेली. तेव्हापासून एकदा तालीम झाल्याशिवाय या दुकानातून पहिली रायफल बाहेर जात नसे. तिनं खरी रायफल पुन्हा भिंतीवर टांगली आणि तेवढ्याच वजनाची निळी, प्लास्टिकची नकली त्याच्या हातात दिली. रिकामी का असेना, खरी रायफल माणसावर धरायची नाही.

"मी मागच्या खोलीत जाते. तू डोळे मीट. झोपेत आहेस. दार वाजलं की डोळे उघडायचे आणि ओरडायचं, कोण आहे. मोठ्यानं. बोट चापाच्या बाहेर. समोर कोण आहे ते दिसेपर्यंत बाहेरच." ती जाता जाता थांबली. "नीट ओरडलास की रायफल तुझी."

ती गेली. हर्शेल काउंटरच्या कोपऱ्याला टेकून उभा राहिला आणि त्यानं डोळे मिटले. कोण आहे, कोण आहे, असं मनात घोकू लागला. दोनच शब्द होते. ते म्हटले की रविवारी ट्रक येणार नव्हता.

आत नडीननं आल्यासरशी काडतुसांची खोकी उचलली, ती नाहीतरी बाहेर आणायचीच होती. दोन्ही हात भरले. तिनं दाराला कमरेनं ढकललं. दार फरशीला घासलं. जरा अडलं. मग उघडलं, आणि कुणीतरी हातातलं ओझं आवाज होऊ न देता खाली ठेवलं.

हर्शेलनं डोळे उघडले नाहीत. निळी नळी हळूहळू जमिनीकडं झुकली.

"आलीस?"