कारंज्याचा खेळ

“आज तरी पळू नका,” खेळाची व्यवस्था बघणारी ब्रुक म्हणाली. “हात जोडते तुमच्यापुढे, मिस्टर डॉइल. टोपी उडवायची, नाचायचं. बस्स. लोक तेवढ्यासाठीच येतात.”

डॉइल प्रुइट लाकडी मनोऱ्याच्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. “प्रयत्न करतो मी, पोरी. पाय ऐकत नाहीत.”

“कमिटी माझंही ऐकत नाही. लोक नेटवर काय लिहितात, वाचलंत? ‘म्हातारा पळतो, मुलं घाबरून रडतात.’ आज पळालात, तर उद्यापासून त्या कॉलेजातल्या पोराला घेतील. मग मला काही करता येणार नाही.”

ती वाईट नव्हती. दमलेली होती, तेवढंच.

आमच्या स्लेटर गावातलं तेल संपलं, तेव्हापासून आम्ही तेलाची गंमत विकतो. रिकाम्या टाकीत मिनी गोल्फ आहे. डुलणाऱ्या जुन्या पंपाला हिरवा रंग देऊन त्याचा नाकतोडा केलाय, त्याच्यावर बसून फोटो काढतात. मुलांनी खणायला वाळूचा हौद आहे, खाली चॉकलेटचं सरबत लागतं. आणि या सगळ्याच्या मधोमध मनोरा. त्यातून रोज पाण्याचं कारंजं उडतं, विहिरीला तेल लागल्याचं सोंग म्हणून. खरं तेल कधीकाळी असंच उडायचं, त्याच्यासोबत वायूही यायचा. त्या वायूने माणूस उभ्याउभ्या कोसळायचा, आणि त्याला उचलायला गेलेलाही. म्हणून विहिरीवरच्या माणसांचा एकच नियम होता. वारा बघायचा, वाऱ्याच्या तोंडाकडे चालू लागायचं, आणि कोण मागे पडलंय ते बघायला वळायचं नाही. डॉइलने उभा जन्म विहिरींवर काढलेला. कारंजं उडालं की त्याचे डोळे आपोआप खांबावरच्या, वारा दाखवणाऱ्या नारिंगी कापडी नळीकडे जायचे आणि पाय निघायचे.

त्याची बायको नेल्डा तिकिटाच्या खिडकीत बसते. सकाळी कॉफी ओतताना तीही हेच बोलली होती. “नाच की जरा. तुझं काय जातंय? नाहीतर चला डॅलसला, लेकीच्या गॅरेजवरच्या खोलीत. जावई सांगेल तेव्हा टीव्ही बंद करायचा.”

“नाचतो,” डॉइल म्हणाला होता.

खेळाच्या थोडं आधी पश्चिमेकडच्या तेलपट्ट्यातल्या कुठल्याशा वृद्धाश्रमाची बस आली. काठ्या, वॉकर, उन्हाच्या टोप्या. मनोऱ्यासमोर पुढच्या बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्याच्या हाताला दोन बोटं कमी होती. डॉइलने तो हात बघितला. विहिरीवरची पाइप आवळायची साखळी बोटं कशी नेते, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

म्हाताऱ्याशेजारी अर्लीन नावाची एक बाई होती. मांडीवर पर्स, गुडघ्यांना पट्टे. तिने डॉइलला हाक मारली.

“काय हो, वारा कुठून आहे आज?”

“दक्षिणेकडून.”

“हं,” अर्लीन म्हणाली, आणि पर्सचा पट्टा खांद्याला अडकवून बसली.

मागच्या बाकांवर मुलाबाळांची कुटुंबं भरली. भोंग्यातून धरणी हादरल्याचा आवाज सुटला. मनोऱ्याभोवतीच्या पाटातलं पाणी थरथरलं, आणि मनोऱ्याचा माथा फोडून कारंजं वर गेलं.

डॉइलने नारिंगी नळीकडे बघितलं. उजवा पाय उचलला. मग त्याने तो पाय परत खाली टेकवला, तिथल्या तिथे, आणि दुसरा उचलला. टोपी काढून हवेत उडवली. “लागलं! तेल लागलं!” तो ओरडला. पाणी त्याच्या टकलावर, डोळ्यांत, तोंडात पडत होतं, आणि तो नाचत होता. मुलं खदखदून हसली. ब्रुकने लांबून दोन्ही अंगठे वर केले.

मग पुढचे बाक उठले.

एका आजोबांनी पेटलेली सिगारेट बुटाखाली चिरडली. दुसऱ्याने शेजारणीचा वॉकर सरळ करून दिला. कोणी घाई केली नाही. त्यांना ती जमलीही नसती. सगळी बस एका रांगेत दक्षिणेकडे, लाह्यांच्या गाडीच्या दिशेने चालू लागली.

ब्रुक धावली. “अहो, बसा ना! काही नाहीये, नुसतं पाणी आहे!”

“माहीत आहे गं, पोरी,” दोन बोटं नसलेला म्हातारा म्हणाला. पण थांबला नाही.

रांगेत कोणीही मागे बघत नव्हतं. लाह्यांच्या गाडीपाशी पोचल्यावर एकटी अर्लीन थांबली. गाडीचा दांडा धरून तिने सगळं अंग फिरवलं आणि मागे वळून बघितलं.

कारंज्याखाली डॉइल नाचत होता. मुलं मोबाइल धरून त्याच्याभोवती गोळा झाली होती. त्याचं तोंड हसरं होतं. डोळे मात्र त्या नारिंगी नळीवरून हलत नव्हते.

“अरे, तो आतच राहिला,” अर्लीन म्हणाली. “त्याला बाहेर काढा रे कोणीतरी.”

कोणी वळलं नाही.

तिकिटाची खिडकी तिथून हाताच्या अंतरावर होती. नेल्डाने ते ऐकलं. तिने नवऱ्याकडे बघितलं. ती खुर्चीतून अर्धी उठलीसुद्धा.

“पुढच्या खेळाची दोन मोठी, एक लहान,” काचेबाहेरचा माणूस म्हणाला. “म्हातारा असाच नाचेल ना?”

नेल्डा खाली बसली. “हो,” ती म्हणाली, आणि तिने तिकिटं फाडली.