दाराचा आवाज

सोळाव्या मजल्यावरचं ते जुनं दार चौकटीला घासायचं. स्मार्ट लॉक बसवायला आलेल्या फिटरने आधी बिजागऱ्या नीट केल्या. दार आवाज न करता लागलं, तसा काकूंचा चेहरा उतरला.

"आता हे घरी आल्याचं कळणार कसं?"

"फोनवर मेसेज येईल, काकू."

"आले ते फोन सांगेल रे. कसे आले ते दारच सांगतं. चाळीस वर्षांत स्वारी एकदाही चिडून आली नाही."

फिटरने हसून एक स्क्रू थोडा सैल केला. दार पुन्हा घासायला लागलं.

आत पेपर वाचत बसलेले काका त्याला लिफ्टपर्यंत सोडायला आले. हळूच म्हणाले, "आवाज ठेवलास, बरं केलंस. डोकं फिरलेलं असलं की मी बाराव्या मजल्यावरच उतरतो. चार मजले चढेपर्यंत राग जातो, मगच ते दार लावतो."